सातबाऱ्यावर नाव नसलेले देव

मैत्रिणींनो, कर्जत म्हटलं की तुमच्यापैकी निम्म्याजणींना दिवाडकरांचा वडा आठवेल आणि उरलेल्या निम्म्याजणींना पावसाळ्यातले धबधबे. मुंबई-पुण्याच्या गाडीत बसून कर्जत स्टेशनावरून गेली नाही अशी मराठी बाई विरळाच! पण गाडीतून उतरून, स्टेशनाबाहेर पडून मुरबाडच्या रस्त्याला लागलेल्या कितीजणी असतील? आज मी तुम्हांला त्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर आत, आमच्या कडावला घेऊन जाणार आहे. लग्न होऊन मी या गावात आले त्याला चौदा वर्षं झाली. सकाळी घर, दुपारी शाळेत अर्धवेळ मराठीचे तास, संध्याकाळी पुन्हा घर. एवढ्या धावपळीत जे पाहिलं, ऐकलं आणि मग पुस्तकांतून पडताळून घेतलं, तेच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

कडाव तसं लहानसंच. एस.टी.चा थांबा, लहानशी बाजारपेठ आणि चहूकडे भाताची खाचरं. पश्चिमेला माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि तिच्यापुढे कोथळीगडाचा, म्हणजे आमच्या भाषेत पेठच्या किल्ल्याचा सुळका. याच रस्त्याने पुढे कशेळं लागतं, तिथून खांडसला गेलात की भीमाशंकरची चढण सुरू होते. जवळच्या पेज नदीला भिवपुरीच्या वीजघरातून सोडलेलं पाणी येतं, म्हणून ती भर वैशाखातही आटत नाही. बाहेरगावची माणसं इथे येतात ती बहुधा बाल दिगंबर गणपतीच्या दर्शनाला. तुम्हीही अवश्य या.

पण मी सांगणार आहे ते देव वेगळे आहेत. त्यांना देऊळ नाही, पुजारी नाही आणि दानपेटी तर नाहीच नाही!

उघड्यावरचे देव

कडावच्या आसपासच्या डोंगरउतारांवर ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. कातकऱ्यांचं नावच मुळी खैराच्या झाडापासून काढायच्या कातावरून पडलेलं. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तसा कात गेला, आणि आता दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सर्वांत बिकट स्थितीतल्या म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत.

या वाड्यांकडे जाणाऱ्या पायवाटेने चालत गेलात, तर एखाद्या जुन्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड दिसेल. कधी एकच, कधी तीन-चार. पुढे सुकलेलं फूल आणि नारळाची करवंटी. शिवेवरचा असेल तर तो चेडा, गावाची ती गावदेवी, रानाच्या वाटेवर वाघोबा आणि डोहाशी साती आसरा. शिवाय हिरवा देव आहे, धान्याची कणसरी आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी अशा सगळ्यांच्या बोलण्यात ही नावं थोड्याफार फरकाने येत राहतात. दिवाळीच्या आदल्या बारशीला आपण वसुबारस करतो ना, त्याच दिवशी डोंगरावर वाघबारस असते. आपण गाय-वासराला ओवाळतो. ते वाघोबाला नैवेद्य दाखवतात. गुरं वर्षभर त्याच्याच रानात चरायची असतात, मग त्याची मर्जी नको का राखायला?

आणि एक देव तर थेट कड्यात राहतो. सांडशीच्या वरच्या अंगाला ढाकचा बहिरी आहे. उभ्या कातळातली गुहा, वर चढायला खोबण्या आणि दोर. तिथल्या पाण्याच्या टाक्यात भांडी ठेवलेली असतात. येणाऱ्याने ती वापरायची, घासायची आणि पुन्हा पाण्यात ठेवायची. घरी न्यायची नाहीत. कुलूप नाही, राखणदार नाही, पण नियम पाळला जातो. (बायकांनी तिथे जायचं नाही असाही जुना रिवाज सांगतात. म्हणजे इथेही आपल्याला दाराबाहेरच उभं केलंय म्हणायचं!)

गावात नवीन असताना मी एका ठाकर मावशींना विचारलं होतं, "एवढा तुमचा देव, मग त्याला साधं छप्पर का नाही हो घालत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "बाय, त्यो काय आत बसाया आलाय? त्यो हितलाच हाय."

"तो इथलाच आहे." या तीन शब्दांचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. आपण मूर्ती घडवतो, प्राणप्रतिष्ठा करतो, आणि गरज पडली तर विधी करून ती दुसरीकडे नेतोही. घर बदललं की आपले देवही ट्रंकेत बसून आपल्याबरोबर येतात. मावशींचा देव मात्र त्या झाडापासून, त्या वळणापासून, त्या झऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. ती जागा म्हणजेच देव. दगड ही फक्त त्याची खूण.

पंडितांनी दिलेलं नाव

या समजुतीला शहाण्या माणसांनी एक जड नाव दिलं आहे, 'ॲनिमिझम'. मराठीत त्याला 'जडप्राणवाद' किंवा 'सर्वात्मवाद' म्हणतात. लॅटिनमधला 'ॲनिमा' म्हणजे श्वास, आत्मा. एडवर्ड टायलर या इंग्रज पंडिताने १८७१ साली 'प्रिमिटिव्ह कल्चर' नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात हा शब्द रूढ केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आदिमानवाला स्वप्नात मेलेली माणसं दिसली, म्हणून त्याने आत्मा कल्पिला, मग तोच आत्मा त्याने झाडांना, दगडांना, नद्यांनाही चिकटवला. टायलरने धर्मांची एक शिडीच केली. सगळ्यांत खालच्या पायरीवर हे लोक, आणि माणूस शहाणा होईल तसा वर चढत जाणार.

ही शिडी पुस्तकात राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. ती सरकारी कागदावर उतरली. १९०१ आणि १९११ च्या शिरगणतीत हिंदू, मुसलमान यांच्या जोडीला 'ॲनिमिस्ट' असा धर्माचा वर्ग होता. हिंदू कुठे संपतो आणि ॲनिमिस्ट कुठे सुरू होतो, हे ठरवताना खुद्द शिरगणतीच्या अधिकाऱ्यांचीच पंचाईत झाली. होणारच! शेंदूर लावलेल्या म्हसोबापुढे नारळ फोडणारा कुणबी कोणत्या रकान्यात घालायचा? स्वातंत्र्यानंतर तो रकाना गेला, पण प्रश्न संपला नाही. २०२० च्या नोव्हेंबरात झारखंडच्या विधानसभेने ठराव केला, की जनगणनेत आदिवासींच्या 'सरना' धर्माला स्वतंत्र नोंद मिळावी. सरना म्हणजे त्यांची पवित्र राई. म्हणजे आपलं नाव काय, हे आता ते लोकच सांगू पाहत आहेत.

मी मराठी शिकवते, म्हणून मला 'जडप्राणवाद' या शब्दाची गंमत वाटते. त्यात 'जड' हा निकाल आधीच देऊन टाकलेला आहे! वस्तू निर्जीवच, प्राण हा तुमचा भ्रम. जगातल्या सगळ्या भाषा असं समजत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत 'दगड' या शब्दाचं व्याकरण सजीवांसारखं चालतं. हॅलोवेल नावाच्या अभ्यासकाने तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, की मग इथे दिसणारे सगळेच दगड जिवंत आहेत का? म्हाताऱ्याने बराच विचार केला आणि सांगितलं, की सगळे नाहीत, पण काही आहेत. १९६० साली हॅलोवेलने हे लिहिलं, आणि तेव्हापासून पंडितांचीही शिडी डळमळू लागली.

पुढे नुरित बर्ड-डेव्हिड या अभ्यासक बाईंनी निलगिरीच्या भागातल्या नायका लोकांमध्ये राहून पाहिलं. १९९९ साली त्यांनी मांडलं, की या लोकांचा 'आत्म्याचा सिद्धान्त' वगैरे काही नाही. ज्या डोंगराशी, ज्या दगडाशी, ज्या हत्तीशी आपलं येणं-जाणं आहे, देणं-घेणं आहे, तो आपला नातेवाईक. नातं आहे म्हणून तो 'कुणीतरी' आहे. नातं सांभाळलं नाही तर ते तुटतं. आता हे कळायला आपल्याला परदेशी ग्रंथ कशाला हवा? सासर-माहेर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा!

शेवळं काढायची रीत

ठाकर मावशींबरोबर मी रानात गेले ती शेवळं काढायला. पहिल्या वळवाच्या सरींनंतर, मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला जमिनीतून हे जांभळट कोंब वर येतात. कर्जतच्या बाजारात त्यांच्या जुड्या मिळतात. मावशी कोंब हलक्या हाताने काढत होत्या, खालचा कंद हलवत नव्हत्या. एका जागी दहा-बारा कोंब असले तर पाच-सहाच घेत आणि पुढे जात. बाकीचे का ठेवले, म्हणून मी विचारलं.

"सगलं नेलंस तर पुढल्या वरसाला काय खाशील? आन् आपुन एकलंच हाव का खानारं?"

"आणि कोण?"

"रान हाय, साल हाय, डुकर हाय. त्याहंचं नको?"

साल म्हणजे साळिंदर. रान, साळिंदर आणि डुक्कर यांना त्यांनी एका दमात एकाच पंगतीला बसवलं. आणि त्या पंगतीत आपण यजमान नसून पाहुणे आहोत, हे त्यांच्या बोलण्यात अगदी सहज होतं.

नवं धान्य आधी कणसरीला आणि मगच घरात, हीही त्यातलीच रीत. तुमच्या-माझ्या कोकणातल्या घरांत नवान्न पौर्णिमेला भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात, ती याची सख्खी बहीण! 'आधी त्याचं, मग माझं' हा नियम पाळला की हावरटपणाला आपोआप लगाम बसतो. बाजारात लवकर भाव मिळतो म्हणून कोवळं पीक कुणी ओरबाडत नाही, आणि बी धरायला वेळ मिळतो. हे लोक ही कारणं सांगत नाहीत, देवाचं नाव सांगतात. काम तेच होतं.

आपल्याच रायगड जिल्ह्यातलं एक उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड झालं ते १९८१ साली. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची देवराई तोडली जाणार होती. गावकऱ्यांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांना गळ घातली, की आमची राई वाचवा. राईत देवी होती आणि गावाच्या पाण्याचा झराही तिथलाच होता. त्याच सुमारास डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि १९७६ साली तो जगापुढे मांडला. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत जुनी झाडं, वेली आणि पाणी टिकून राहिलं होतं. खालच्या पायरीवरच्या लोकांनी जे राखलं, ते वरच्या पायरीवरच्यांना प्रयोगशाळेत बनवता येत नव्हतं.

आपल्या स्वयंपाकघरातला वरवंटा

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, "असतील त्या लोकांच्या समजुती. आपला काय संबंध?"

थांबा हं. बारशाला आपण बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतो की नाही? त्याला कुंची घालून, हातांवरून फिरवून, 'गोप्या घ्या' म्हणतो. पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद नि लेखणी ठेवतो. दिवाळीत नव्या केरसुणीला हळद-कुंकू वाहतो आणि तिला पाय लागला तर चटकन हात जोडतो. आषाढी अमावास्येला दिवे उजळतो. दसऱ्याला शिवणाचं मशीन, मुलांची सायकल, हल्ली तर कॉम्प्युटरही झेंडूची माळ घालून बसतो! नागपंचमीला चिरत नाही, तवा ठेवत नाही, जमीन खणत नाही. शिळासप्तमीला कितीतरी घरांत चूल पेटवत नाहीत, सारवून तिची पूजा करतात. बिचारी वर्षभर जळते, एक दिवस तिला विसावा. तिन्हीसांजेनंतर तुळस तोडायला हात पुढे केला, की आजी ओरडायची, "झोपली आहे ती!"

आता सांगा, टायलरसाहेबाच्या शिडीवर आपण कुठल्या पायरीवर?

फरक एवढाच, की आपण याला 'संस्कार' म्हणतो आणि वाडीवरच्या मावशींच्या रीतीला 'अंधश्रद्धा'. दुसराही फरक आहे, आणि तो आपल्या बाजूने नाही. आपला वरवंटा बारशापुरता गोप्या होतो, दुसऱ्या दिवशी त्याने चटणी वाटतो. मावशींना त्यांचं नातं रोज पाळावं लागतं, कारण पोट त्यावर आहे.

चांगलं तेवढंच सांगून भागणार नाही

नाण्याची दुसरी बाजू लपवली तर ते वाचकांशी खोटं वागणं होईल. डोंगरातला भगत झाडपाला जाणतो, पण साप चावलेल्या पोराला मंत्र घालत बसला तर पोर हातचं जातं. कुणाचं मूल आजारी पडलं की एखाद्या एकट्या म्हातारीवर 'भुताळी' म्हणून ठपका येतो, आणि हे सोसावं लागतं ते बहुतेक बायकांनाच. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेतल्या मुलांना मी हे दरवर्षी पावसाच्या तोंडाशी सांगते : आधी दवाखाना, देवाला नारळ नंतर. वाडीतली मुलं मान डोलावतात. त्यांना त्यात काही विरोध दिसत नाही, आणि मलाही नाही.

डोंगराला देव मानलं म्हणून दरड थांबत नाही, हेही आम्ही पाहिलं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर डोंगर खाली आला. ती ठाकरांची वाडी. गाडीरस्ता नव्हता, मदतीची माणसं पावसात पायी वर चढली. २७ जणांचे मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. त्या आठवड्यात कडावच्या बाजारात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तेव्हा दरडीची सूचना देणारी यंत्रं, पावसाची मोजदाद, सुरक्षित जागी घर, वाडीपर्यंत रस्ता हे सगळं हवंच हवं. नात्याची भाषा विज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. पण म्हणून विज्ञान आलं की नातं फेकून द्यायचं, असंही नाही.

कुंपणाच्या आत गेलेला देव

आता मुद्द्याची गोष्ट सांगते, कारण तिचा तुमच्याशी थेट संबंध येऊ शकतो.

गेल्या काही वर्षांत कर्जत-खालापूरकडे शहरातल्या लोकांची रीघ लागली आहे. 'डोंगराच्या कुशीत स्वतःचं घर', 'निसर्गाच्या सान्निध्यात प्लॉट' अशा पाट्या रस्त्याभर दिसतात. भाताची खाचरं सपाट होतात, चहूबाजूंनी भिंत येते, लोखंडी फाटक लागतं. घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. मोकळी हवा कुणाला नको? माझ्याही दोन मैत्रिणींनी इथे जागा पाहिली.

आमच्या जवळच्याच एका वाडीच्या वाटेवर असा एक जमिनीचा तुकडा विकला गेला. कागदपत्रं चोख होती. जमीन आदिवासीची असती, तर कलेक्टरांच्या परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीला विकताच आली नसती. १९७४ पासून तसा कायदा कडक झाला आहे. पण ही जमीन दुसऱ्याच शेतकऱ्याची होती. तिच्या कोपऱ्यात एक उंबर आणि उंबराखाली वाडीचा देव. जुन्या मालकाला त्याचं काही नव्हतं. माणसं यायची, पूजा करायची, जायची. सातबाऱ्यावर अर्थातच त्या देवाचं नाव नव्हतं. भिंत आली आणि देव आत गेला.

नवे मालक वाईट नव्हते. त्यांनी वाडीला निरोप पाठवला, की फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला आम्ही छान संगमरवरी देवळी बांधून देतो, दगड तिथे आणून बसवा. तुमचीही सोय, आमचीही सोय. वाडीत बैठक झाली. मावशींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "त्याहंनी दगुड उचलला त दगुडच उचलंल. देव थोडाच येनाराय?"

मालकांना हा हट्ट वाटला. वाडीला ती देवळी अपमान वाटली. भांडायला दोघांपैकी कुणीच वाईट नव्हतं, म्हणूनच ते जास्त अवघड होतं! शेवटी मालकांच्या पत्नी एकदा एकट्याच वाडीवर आल्या. मला मध्ये बसवलं. त्यांनी एकच विचारलं, "तुम्हांला नेमकं हवंय काय?" जमीन नको होती. पैसे नको होते. वर्षातून दोन दिवस वाट हवी होती आणि उंबर तोडायला नको होता. एवढंच. मग उंबराच्या अंगाला भिंतीत एक लहान दार ठेवलं गेलं, कुलपाशिवायचं. आज तीन वर्षं ते चालू आहे. पुढे ही जागा आणखी कुणी विकत घेतली तर दार राहील का, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. मावशी त्या दाराकडे अजून जरा संशयानेच पाहतात.

हाच प्रश्न मोठ्या जागी मोठा होतो. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात बॉक्साइट आहे आणि डोंगरिया कोंध लोकांचा नियमराजा देवही आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खाणीमुळे त्यांच्या पूजेच्या हक्काला बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारांनी खाणीला नकार दिला. न्यूझीलंडने २०१७ साली कायदा करून वांगानुई नदीला कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' मानलं, कारण तिथले माओरी तिला आपला पूर्वज मानतात. त्याच वर्षी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनांना व्यक्ती ठरवलं, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मोठमोठ्या कोर्टांत जो खल चालला आहे, तो मुळात त्या उंबराखालचाच आहे : ज्याचं नाव कागदावर नाही, त्याचा हक्क कुणी सांगायचा?

येताना एवढं करा

मग मैत्रिणींनो, तुम्ही कर्जतकडे जागा पाहायला आलात, तर पाणी, वीज, रस्ता आणि सातबारा यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. "इथे कुणाचा देव आहे का?" एजंट 'नाही' म्हणेल. त्याला विचारू नका. जवळच्या वाडीवर जा, एखाद्या वयस्कर बाईजवळ बसा, तिचा चहा प्या आणि तिला विचारा. वाट कुठून जाते, झरा कुठला, कुठल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हे ती सांगेल. मोजणीच्या नकाशात यातलं काही सापडणार नाही. भिंत घालण्याआधी कळलं तर एक दार ठेवणं फार खर्चाचं नसतं. दोन्हीकडच्या माणसांना पुढे शेजारी म्हणून राहायचं असतं, हेही लक्षात असू द्या.

आणि नुसतं फिरायला आलात तर शेंदूर लावलेल्या दगडाशी फोटोसाठी टेकून बसू नका. पाण्याच्या डोहाजवळ प्लास्टिक टाकू नका. साती आसरांना आवडत नाही आणि आम्हांलाही. मुलांना आवर्जून बरोबर आणा. 'डोंगर कुणाचा?' हा प्रश्न त्यांना इथे उभं करून विचारा. माझ्या वर्गात एकदा मी विचारला होता. शहरातून नव्याने आलेला मुलगा म्हणाला, "सरकारचा." वाडीतली एक पोरगी पटकन म्हणाली, "डोंगराचाच!"

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलात तर बाजारात शेवळं नक्की मिळतील. देणाऱ्या बाईशी भावावरून फार घासाघीस करू नका. ती अर्धी रानात ठेवून आलेली असते. शेवळांबरोबर काकडं मागून घ्या. तीही त्याच टोपलीत असतात, आंबट लहान फळं. ती नसतील तर चिंच तरी भरपूर घाला आणि भाजी नीट शिजवा, नाहीतर घसा असा खवखवेल की पुढच्या वर्षी कडावचं नाव काढणार नाही!